उपरण्याचा नाग

प्रिय नाना,

हे पत्र तक्रारीचं आहे. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, पण माझ्या तक्रारी ऐकून घेणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, तेव्हा तुम्हीच ऐका. चष्म्यावर चष्मा चढवावा, असं कोणत्या शास्त्रात सांगितलंय? काल थिएटरात माझ्या नाकाने अडीच तास दोन चष्मे वाहिले. मंदराचल पाठीवर घेतलेल्या त्या कासवालाही एवढे वळ उठले नसतील!

तुमच्या नातीने, मीराने, ओढून नेलं. "पापा, समुद्रमंथन है, थ्रीडीत! तुम्हाला तर आवडेलच." सगळा संगणकावर काढलेला सिनेमा. असुरांचे दंड जिममधले, देवांचे केस शाम्पूच्या जाहिरातीतले. मंत्रांतले विसर्ग निवेदकाने सरसकट गिळलेले; तुम्ही त्याला तासभर अंगठे धरून उभं केलं असतं. मग तो नाग पडद्यातून थेट माझ्या तोंडावर फूत्कारला आणि पाठशाळेत शिकलेला हा पन्नाशीचा गृहस्थ खुर्चीत खाली सरकला.

"पापा, डर गए क्या?"

तुमचा नाग उपरण्याचा होता. मल्हारगंजच्या घरात मधे ताकाची रवी, उपरण्याचं एक टोक ताईकडे, एक माझ्याकडे. ओढाओढ रंगात आली की तुम्ही हात वर करायचात. "रत्नं निघतील रे, पण आधी विष कोण पिणार?" आम्ही "मी, मी" करून भांडायचो आणि तुम्ही काडेकिराइताचा कडूजहर काढा पुढे करायचात. किती लबाड होतात हो!

आज सकाळी मीराला ताप होता. काढा बघून तिने तोंड फिरवलं. म्हटलं, हीच वेळ. तुमचं उपरणं काढलं, सुरुवात केली, आणि माझ्या तोंडून निघाला तो सिनेमाचा निवेदक! तोच घोगरा सूर, तीच वाक्यं.

"पापा, ये तो कल देख लिया ना," म्हणत ती भिंतीकडे वळली. विषापर्यंत मी पोचलोच नाही. काढा गार झाला.

तुम्ही कसे पोचायचात? मधे काय सांगायचात? एकदा म्हटलं होतं, नाना, ही गोष्ट लिहून ठेवा. तर म्हणालात, "ऐकलीस ना? मग झालं." काय झालं, नाना? काही झालं नाही!

उद्या पुन्हा बसेन. पहिला घोट मी घेईन आणि गोष्ट येईल तेवढी, माझ्या शब्दांत सांगेन.

पण खरं सांगतो, तुमचा आवाज मला आठवेनासा झालाय. त्याची भीती वाटते.

तुमचा,
बाळू