तिसऱ्या प्रश्नाआधी तुटलेली लाइन

नदीवरून, सोमवार

प्रिय सोलांज,

कागदावरचं पत्र बघून तू आधी हसशील आणि मग तुला माझ्यावरचा राग आठवेल. किन्शासापासून कीसांगानीपर्यंत बोटीवर बसून जो माणूस लोकांना इंटरनेटचे मेगा विकतो, त्याने भाचीला पेनने पत्र लिहावं, म्हणजे कोळ्याने बाजारातून मासे विकत आणावेत तसंच. पण त्याला कारण आहे. तुझ्या फोनवर आलेला निरोप तुमच्या घरात सगळे मिळून ऐकतात. फोन टेबलावर, आवाज मोठा, आणि भोवती तुझी आई, जॉर्जेट आत्या आणि भांडी घासायचं सोडून आलेली शेजारीण. कागद तेवढा एकटीला वाचता येतो. लोकुली मावशीची बहीण सुके मासे घेऊन खाली किन्शासाला निघाली आहे. तिच्या होडीत आणखी माणसाला जागा नाही, म्हणून निदान हे तिच्याकडे देतो आहे. तिला बजावलंय, की सोलांजच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणी कितीही गोड बोलून मागितलं तरी नाही. लोकुली मावशी कोण ते पुढे येईलच.

काल सकाळी, लाइन मिळते त्या उंच टाकीवर पुन्हा चढून, मी पाच मिनिटं फोन चालू केला होता. बोट अडकली आहे, इथे लाइन टिकत नाही, एवढं तुझ्या आईला लिहून कळवायला. तेवढ्यात एकवीस निरोप येऊन पडले. पहिले सात तुझ्या आईचे. "बोकेत्शू, साऱ्या नदीला नेटवर्क विकतोस आणि सख्ख्या भाचीच्या वेळी हात वर करतोस? आता कुठल्या तोंडाने धंदा करणार आहेस?" पुढे मुलाकडचा, दिदिएच्या काकांचा, अगदी हळू आणि सभ्य आवाजात, म्हणजे ते फारच संतापलेत. ते म्हणाले, आम्ही तीस माणसं घेऊन आलो, बकरी दिली, कापड दिलं, यादीतली एकही वस्तू कमी ठेवली नाही, आणि मुलीच्या मामाला एक फोन धरून बसता आलं नाही. मग जॉर्जेट आत्या. तिचं काय ते तुला पाठच असेल. मामाने विचारायच्या तीन प्रश्नांतले दोन झाले, तिसरा राहिला, त्यामुळे ताडीचा बुधला बूच न काढता तसाच तुमच्या घरात पडून आहे. पिताही येत नाही आणि परतही नेता येत नाही. त्या एकवीस निरोपांत तुझा एकही नव्हता.

सोलांज, मी दोष टाळत नाही. पण काय काय झालं ते तुला सांगितलं पाहिजे. समारंभ जुलैनंतर, तुझी प्रयोगशाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर, असं ठरलं होतं. त्याच भरवशावर मी बोटीवर चढलो. मग दिदिएची बदली लुबुम्बाशीला झाली आणि दोन्ही घरांनी तारीख अलीकडे ओढली. तोवर आम्ही म्बांडाका मागे टाकलं होतं. तुझ्या आईला दुसरा भाऊ नाही, आणि ताडी प्यावी का, म्हणजे हे लग्न हवं का, असं मुलीला विचारायचा हक्क आईच्या भावाचा. बापाच्या बाजूच्या कुणी विचारलं तर ती ताडी पोटात टिकत नाही आणि लग्नही टिकत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून ठरलं, की मामाने फोनवर दिसायचं आणि फोनवरच विचारायचं. मी ऐटीत म्हणालो, "शनिवारी दुपारी दोन वाजता मी नेटवर्कमध्ये असेन. नसलो तर माझं नाव बदला." कप्तानानेही आईची शपथ घेऊन सांगितलं होतं, गुरुवारी लिसाला गावात असू, तिथे लाइन आहे. या नदीवर तीस वर्षं काढून मी कप्तानाच्या शपथेवर विसंबलो, यासाठी मात्र मला खुशाल हस.

माझी ऐट अगदीच पोकळ नव्हती हे तुला ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत माझ्याबरोबर यायचीस तेव्हा तूच वहीत टिपून ठेवायचीस. सोंडेसारख्या वाकड्या झाडाच्या वळणावर पहिलं सिम, मिशनच्या टेकडीखाली दुसरं, मग दीड दिवस काही नाही. एवढा मोठा देश, रस्ता धड नाही, आणि माणसं एकमेकांना धरून आहेत ती या तीन सिमकार्डांवर, जी मी काडेपेटीत घालून गळ्यात अडकवतो. तिसऱ्या बेटामागे लाइन येते तेव्हा सारे उतारू अजूनही डावीकडे धावतात आणि कप्तान वरून ओरडतो, "बोट कलंडवाल, हलकटांनो, बायकांना नंतर सांगा प्रेम." बाजारातल्या बायका एकमेकींना दर सांगतात, एखादा बाप मुलाचं तोंड प्रथम बघतो, आणि मी मधे बसून मेगा भरून देतो. मला हा धंदा आवडतो. लोक मला नेटवर्कचा बाप म्हणतात तेही आवडतं, खोटं कशाला बोलू.

त्या बेटामागेच तुझा शेवटचा मोठा निरोप मिळाला होता. आठवतं? तू विचारलंस, "मामा, लुबुम्बाशीला कुठलं नेटवर्क चालतं? तिथून तुझ्या बोटीवर लागेल का?" आणि मी चार मिनिटं बोललो. कुठलं सिम घे, रात्रीचा गिगा कसा घ्यावा, खाणींच्या बाजूला काय चालत नाही. माझ्या विद्येचं मलाच कौतुक. त्यावर तुझं उत्तर आलं, "बरं, मामा." त्यानंतरचे तुझे सगळे निरोप तेवढेच. जी मुलगी डास चावला तरी मला तीन मिनिटं सांगायची, ती दोन शब्दांवर आली आणि मला वाटलं, मेगा वाचवते आहे. मी तुला तेही भरून पाठवले.

बुधवारी बोट वाळूत रुतली. लिसालाच्या बरीच खाली, दोन्ही काठांना नुसतं जंगल, आणि तिन्ही सिमं मेलेली. कप्तान म्हणाला, पाणी चढेल तेव्हा निघू. कधी चढेल? तो आकाशाकडे बघत म्हणाला, "तू घाईत आहेस का?" गुरुवारी आम्ही सगळे कमरेएवढ्या पाण्यात उतरून ढकलत होतो. बोट वीतभर हलली आणि पुन्हा बसली. मला एकच ठिकाण माहीत होतं. वर, दिवसभराच्या वल्ह्यावर, बंद पडलेल्या पामतेलाच्या मळ्यात पाण्याची लोखंडी टाकी आहे. तिच्या डोक्यावर चढलं तर टेकडीपलीकडच्या टॉवरची लाइन मिळते. खाली उभं राहून काही मिळत नाही.

डोंगी कुणी देईना. शेवटी लोकुली मावशी तयार झाली. ती बोटींना मासे विकते, वय साठीच्या पुढे, दंड माझ्या मांडीएवढे. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पोहता येतं?" म्हटलं, नाही. "नेटवर्कचा बाप नदीवर राहतो आणि पोहत नाही. बस मधे, हलू नकोस, आणि वल्हं मारता येत नसेल तर निदान पाणी उपस." शुक्रवारी उजाडताना निघालो. फोन प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, पिशव्या पातेल्यात, पातेलं माझ्या मांडीवर. दुपारी पाऊस कोसळला, मी पातेल्यावर पालथा पडून राहिलो. मावशी मागून म्हणते, "पोटुशी बाईसुद्धा एवढं जपत नाही." पानात बांधलेली कसाव्याच्या पिठाची चिकवांग आणि धुरातला मासा तिनेच दिला. वाटेत तिने तुझ्याबद्दल सगळं काढून घेतलं. मुलगी काय शिकते, मुलगा कसा आहे. मी म्हटलं, भला आहे. "आणि तिला आवडतो?" मी म्हटलं, भला आहे. मग ती नुसतं वल्हं मारत राहिली.

शनिवारी दीड वाजता मी टाकीवर होतो. शिडीच्या चार पायऱ्या गंजून गेलेल्या, मावशीने खालून खांद्याने वर ढकललं. पहिलं सिम नाही. दुसरं नाही. तिसऱ्यावर दोन दांड्या आल्या आणि मला रडू फुटलं, हे तुझ्या आईला सांगू नकोस. मग तुम्ही दिसलात. निळ्या कापडातली तू, बाजूला आत्या, पुढे बुधला. सगळे टाळ्या वाजवत होते, कुणीतरी ओरडलं, "मामा पोचला." मी ओला, दाढी वाढलेली, आणि या देशातला सर्वांत सुखी माणूस. मग चित्राचे तुकडे पडू लागले, म्हणून मी चित्र बंद करून नुसता आवाज ठेवला. पहिल्यांदा विचारलं, "सोलांज, ही माणसं ताडी घेऊन आली आहेत. आम्ही प्यावी का?" तू म्हणालीस, "हो." दुसऱ्यांदा विचारलं, "पोरी, आम्ही प्यालो तर उद्या मागे फिरून ती ओकायला लावणार नाहीस ना?" त्यानंतर लाइन गेली. सगळ्यांना माहीत असलेली हकिकत इथवर आहे, आणि लोकुली मावशी सोडली तर आजवर मी ती कुणाला याच्या पुढे सांगितलेली नाही.

तुझ्या आईच्या लग्नाच्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो. ताडी ओतायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी तिच्या अगदी शेजारी गुडघ्यांवर बसलो होतो. आमच्या मामांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती काही बोलली नाही. म्हातारी माणसं हसली. म्हणाली, लाजली, गप्प बसली म्हणजे हो. मी तिचं तोंड बघत होतो आणि ती लाजलेली नव्हती. मला कळलं होतं. तरी मी पेला भरला आणि मामांच्या हातात दिला. तुझे बाबा वाईट माणूस नव्हते, पण अकरा वर्षं त्या घरात तुझी आई कशी राहिली ते तू दारामागून पाहिलं आहेस. तिने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही कधी बोललो नाही. तुझ्यामुळे तिला सगळं सोन्याचं झालं असं ती म्हणते, तेही खरंच आहे. म्हणूनच तिला घाई आहे, तुझं चांगलं व्हावं म्हणून. तिच्यावर रागावू नकोस.

आता खरं सांगतो. शनिवारी लाइन तुटली नव्हती, मी तोडली. दुसऱ्या प्रश्नानंतर तू गप्प होतीस आणि आत्या म्हणाली, "नेटवर्क अडकलंय, बोकेत्शू, ती हो म्हणाली, पुढे विचार." दुसऱ्या कुणाला ते पटलं असतं. पण मी हा माल विकतो, सोलांज. लाइन स्वच्छ होती. तुमच्या अंगणातला कोंबडा ऐकू येत होता, आत्याच्या बांगड्या, कुणीतरी सरकवलेली खुर्ची, दिदिएच्या काकांचा खोकला. फक्त तू ऐकू येत नव्हतीस. मी सिम काढून काडेपेटीत टाकलं आणि खाली उतरलो. मावशीने विचारलं, "विचारलंस तीनदा?" म्हटलं, दोनदाच. ती म्हणाली, "छान केलंस," आणि रात्रीसाठी डोंगी काठावर ओढायला गेली. तिसरा प्रश्न माझ्यावाचून कुणाला विचारता येणार नाही आणि मी फोनवर सापडणार नाही. नेटवर्कच्या बापाची नदीभर छी थू झाली तर होऊ दे. मी खाली जाणारी पहिली बोट धरतो आहे, तीन आठवड्यांत तुमच्या अंगणात असेन. तोवर तू परीक्षेचा अभ्यास कर आणि विचार कर. कुणी काही म्हणालं तर सांग, मामा आल्याशिवाय काही होत नाही. तुला दिदिए हवा असेल तर पहिला पेला मी पिईन आणि तुम्हाला लुबुम्बाशीच्या विमानात बसवून येईन. नको असेल तर तो बुधला मी स्वतः डोक्यावर घेऊन त्याच्या काकांच्या दारी परत नेईन आणि बोलणी मीच खाईन. मी तुझ्यासमोर जमिनीवर बसून विचारणार आहे, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. आणि तू गप्प राहिलीस, तर मी ते 'नाही' धरीन.

तुझाच, आणि या बाबतीत फक्त तुझ्याच बाजूचा,
बोकेत्शू मामा