ओहोळाचं बुजवलेलं तोंड

बा, आज नववीच्या वर्गात फळ्यावर आपलं खाचर काढलं. दिघाशीचं, डोंगराखालचं. पोरांना सांगितलं, झाड हवेतला कार्बन पानात साठवतं, पाऊस तो पाला ओहोळात लोटतो, ओहोळ भाताच्या खाचरात आणून टाकतो. साचल्या पाण्याखाली तो सावकाश कुजतो. थोडा बुडबुड्यांतून परत हवेत जातो, थोडा नदीबरोबर खाडीला लागतो, आणि उरतो त्यानं माती काळी होते. फडाफडा बोलले आणि खडू हातातच राहिला. हे तर तू मला बांधावर उभं राहून सांगितलं होतंस.

गावात पहिला टीव्ही आला ते वर्ष. मी भिवंडीच्या कॉलेजात सायन्सला, म्हणजे दीड शहाणी! ओहोळाचं पाणी घाण, कुजका पाला आणतं. बांधातलं त्याचं तोंड बुजव, पावसाचं पाणी आणि पिशवीतलं खत पुरे, असा धोशाच लावला. "पोरी, वरचं पानी नुसतं पानी न्हाय. डोंगर घेऊन येतंय," तू म्हणालास. मी फिस्सकन हसले. तू फावडं उचललंस आणि तोंड बुजवलंस. वर शेजारच्या काकांना सांगितलंस, "आमची पोर शिकलीय, तिला ठावं हाय."

दोन-तीन पावसाळ्यांत माती फिकी पडली, लोंब्या हलक्या भरायला लागल्या. "काय चुकलं गं?" तू मलाच विचारलंस. मला कळलं होतं, बा. बांधापलीकडे ओहोळाकाठी गवत कमरेएवढं माजलं होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण चूक कबूल करायची तर माझा जीव जात होता. म्हटलं, बी जुनं झालंय, खराब झालंय, दुकानातून नवं आण. आजोबांपासून कणगीत जपलेलं ते बी. तू ते सगळं उखळात ओतलंस. आयनं कांडून त्याचा भात रांधला. मी दोनदा मागून घेतला.

तू गेल्यावर ते तोंड मी स्वतः उकरलं. पाला आत येतो, माती हळूहळू काळी होतेय. ते बी मात्र पंचक्रोशीत कुणाकडे उरलं नाही, दारोदार विचारून झालं. हे पत्र वहीतच राहणार. तू होतास तोवर सांगायला किती पावसाळे मिळाले होते मला, आणि मी गप्प बसले. बी चांगलं होतं, बा.