वाफ मोजायला गेलेली नात

ता. ३ जानेवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. मी सांगते आहे, तुझी आई लिहिते आहे. अक्षर तिचं, टोमणे माझे.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तुझ्यापायी दोनदा पुढे ढकलली. आता मला बघितलं की डॉक्टर कपाळाला हात लावतात. काल मी चहात मीठ घातलं. तुझा बाप निमूट प्यायला, यावरून काय ते समज.

शेजारीण विचारते, नात करते काय? मी सांगते, वीजकेंद्राच्या धुरांड्यांची वाफ विमानातून मोजते. ती हसते. मग मलाही शंका येते. ऑपरेशनच्या वेळी माझा हात धरून बसायचं तू कबूल केलं होतंस, वाफेने नाही. कधी येतेस?

माया तशीच आहे, राग वेगळा.
आजी

ता. ९ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.
धुरांडी नव्हेत गं, पाणी थंड करायचे मनोरे. त्यांची वाफ किती उंच चढते, किती लांब जाते, हे बघायला आम्ही तिला विमानाने पुन्हा पुन्हा आडवं कापतो. त्याला थंडगार, बिनवाऱ्याची सकाळ लागते. सोमवारी तशी मिळाली, उडालो, तर वाफेचा पत्ता नाही! केंद्र दुरुस्तीला बंद, आणि जो तो समजला की आम्हाला दुसऱ्याने कळवलं असेल. काल वाफ होती, तर यंत्राच्या नळीत पाणी शिरलं. साहेब माझ्यावर ओरडले, मी वैमानिकावर, वैमानिक ढगांवर.

आजी, मोजणी झाल्याशिवाय सुटी नाही. हवं तेवढं रागाव, पण माझ्यासाठी थांबू नकोस.

लोभ कमी करू नकोस.
तुझी भिंगरी

ता. १७ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद, थोडे हातचे राखून.
खाली केंद्र बंद आणि वर तुम्ही घिरट्या घालताय, हे ऐकून मी इतकी वैतागले की त्याच तिरीमिरीत डॉक्टरांकडे गेले. उजवा डोळा झाला. हात तुझ्या आईने धरला. मी तो असा आवळला की ती अजून बोटं चोळते आहे.

पट्टी काढली तेव्हा समोर तीच होती. तिचे केस एवढे पांढरे झालेत, हे मला घरात कुणी सांगितलंच नव्हतं. तसं म्हणाले तर रडायला लागली. हे लिहायला तयार नव्हती, मी हटून बसले.

डॉक्टर म्हणाले, आता डावाही उरकून टाकू. मी नको म्हणाले. तो तुझ्यासाठी ठेवलाय. वाफ मोजून झाली की ये.

एका डोळ्याने वाट बघणारी,
आजी