सासू-जावयांचा वर्ग

१२ मे
शून्य! माझ्या माहेरच्या प्रौढ साक्षरता वर्गात विद्यार्थी — शून्य.

शिक्षण सचिव सिमुचिम्बा जेवायला होते. सुकी मासळी चघळत म्हणाले, "बाईसाहेब, जनतेला ज्ञानाची तृष्णाच नाही." तृष्णा कशाची असते ते त्यांच्या ताटाकडे बघून कळत होतं.

साहेबांचा निर्णय झाला — रिकामे वर्ग ऑगस्टअखेर बंद.

"माझ्या माहेरचाही?"

"तो आधी. नाहीतर लोक म्हणतील, राष्ट्राध्यक्षांनी सासुरवाडी सांभाळली."

याच तत्त्वनिष्ठेवर भाळून मी लग्न केलं. वीस वर्षं तिसरीला शिकवतेय. साहेब राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून पाढे काही बदलले नाहीत. आणि माझी आई निरक्षर राहणार? बघतेच!

२१ मे
माहेरी. उलगडा झाला. पहिल्या दिवशी पुरुष आधीच येऊन बसले होते. बायका आत शिरल्या, बघतात तर समोर आपापले जावई! अंगाभोवती गुंडाळलेली चितेंगे कापडं तोंडावर ओढून एकच पळापळ. दाराशी दाटी झाली, म्हणून माझी आई — वय वर्षं साठ — खिडकीतून उडी मारून गेली. लाजेने जावईही पुन्हा फिरकले नाहीत.

"आई, खिडकीतून?"

"मग काय करू? तुझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पहिल्याच बाकावर! जावयाचं तोंड बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही — आणि तुझा नवरा रेडिओवरून सांगतो, सगळे एका खोलीत बसा! त्याने तरी कधी बघितलंय माझं तोंड?"

नाही. बावीस वर्षांत नाही.

२२ मे
उपाय आईनेच काढला. फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत गवताची चटई टांगायची. फळा दोन्हीकडून दिसेल, माणसं दिसणार नाहीत. पण दार एकच!

"ती खिडकी फोडा," आई म्हणाली. "तिथून जाता येतं, मला माहीत आहे."

सासूने सांगितलेल्या कामाला जावई नाही म्हणत नसतो. तिने घरोघर निरोप धाडले. मग माझ्याकडे वळून — "माझा एक जावई शहरात असतो म्हणे. बऱ्या हुद्द्यावर. त्याने चौकटीच्या विटा लावाव्यात."

२५ मे
साहेबांना निरोप दिला. त्यांनी तळहात उलटेपालटे करून बघितले. मग, "गवंडीकाम सुटलं; हातात करणी धरून किती वर्षं झाली!"

सचिवांना ठसका लागला.

७ जून
साहेब आले, कोट काढला, विटा लावल्या. आई दूर शेतात पाठ फिरवून बसली होती. दार झालं! किंचित डावीकडे झुकलंय. सचिव म्हणाले, शासनाच्या धोरणाला धरूनच आहे.

१९ जुलै
माहेरच्या वर्गाचे हामुसोंदे मास्तर भेटायला आले. वर्ग दोन्हीकडून भरतो, पण बायकांची बाजू मुकी. पलीकडे जावई ऐकतात ना! एक अक्षर तोंडातून फुटत नाही.

सचिवांचं म्हणणं — नुसतं बसणं म्हणजे शिकणं नव्हे. ३० ऑगस्टला मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर कुलूप.

आईला कळवलं. तिचा उलट निरोप — "कुलूप आणायचं तर आणू दे त्या सचिवाला. आम्ही बसलोय."

३० ऑगस्ट
साहेब पुरुषांच्या बाजूला, पहिल्या बाकावर; मी फळ्यापाशी. सचिव म्हणाले, "वाचा." चटईपलीकडे चिडीचूप. "वाचा!" काही नाही.

तेवढ्यात चटईखालून एक पाटी सरकत आली. थेट साहेबांच्या बुटापाशी. मोठी, थरथरती अक्षरं —

'जावई, दार वाकडं आहे.'

आईचं अक्षर! बघायचं नाही, बोलायचं नाही — लिहायचं नाही असं कुठल्या पूर्वजाने सांगितलंय? त्यांना बिचाऱ्यांना लिहिताच येत नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे खडू मागितला. खाली लिहिलं — 'उद्या सरळ करतो, आई.' पाटी परत सरकवली. पलीकडे कुजबुज, मग दाबलेलं हसू.

सचिव पुढे वाकले. "साहेब, मग कुलूप—?"

"थांबा हो," साहेब म्हणाले. "उत्तर येतंय."

३१ ऑगस्ट
साहेब सकाळीच करणी घेऊन हजर. आईने दाराला हात लावू दिला नाही. मला म्हणते, "सरळ झालं तर त्याला लिहू काय?"