चष्म्याच्या दुकानातलं निष्काम कर्म

१ मार्च, सकाळी ६.५०
आजपासून निष्काम कर्म. काल संध्याकाळी तत्त्वज्ञानाच्या वर्गात बाईंनी सांगितलं, काम करावं, फळावर डोळा ठेवू नये. मला एका फटक्यात कळलं. बाकीचे वह्यांत उतरवून घेत बसले होते. आमची हीसुद्धा. ती केवळ मला सोबत म्हणून येते.
दुकानाची नवी शाखा निघतेय. तिचा मॅनेजर याच महिन्यात ठरणार. त्या पदाकडे मी ढुंकूनही बघणार नाही. मालकांना तसं सांगितलं. दोनदा.

३ मार्च
तिसऱ्यांदा सांगितलं. मालक म्हणाले, "बरं." भारावल्यासारखे वाटले.

५ मार्च
आज सत्य. एका बाईंनी फ्रेम लावून विचारलं, कशी दिसते. घुबडासारखी, म्हणालो. त्या उठून गेल्या. मागोमाग त्यांचे मिस्टरही. डोळे तपासणाऱ्या मॅडम जिन्यापर्यंत धावल्या, दोघांना परत आणलं आणि तीच फ्रेम विकली. मला म्हणाल्या, तुम्ही आज लेन्स पुसा. सत्याच्या वाटेवर माणूस एकटा पडतो. लेन्स मात्र लखलखीत झाल्या.

८ मार्च
वर्गात आपद्धर्म. संकटात नेहमीचे नियम थोडे ढिले होतात. हे खास माझ्यासाठीच लिहून ठेवलंय. संकट खरं हवं आणि सूट गरजेपुरतीच, असंही बाई म्हणाल्या म्हणे. तेव्हा मी चहा घ्यायला बाहेर होतो.

९ मार्च
दुकानात चाळीस मिनिटं उशीर. मालकांना म्हणालो, आपद्धर्म. कोणती आपत्ती, त्यांनी विचारलं. झोप, म्हणालो. मालकांचा अभ्यास कमी पडतो.

१२ मार्च
मीमांसा सापडली. आयुष्य सोपं झालं. 'कर' म्हणून सांगणारं वाक्य म्हणजे विधी. नुसती तारीफ म्हणजे अर्थवाद, त्याने कोणी बांधला जात नाही. ही म्हणाली, बाल्कनी आवरली तर किती छान दिसेल. शुद्ध अर्थवाद. पेपर वाचत राहिलो. मग म्हणाली, अहो, बाल्कनी आवरा. विधी खरा, पण त्यात वेळ कुठे दिलीय?
"अर्थवाद विधीला जोडून वाचायचा असतो, बाईंनी सांगितलंय," ही म्हणाली. "दोन्ही एकत्र वाचा आणि उठा."
माझी वर्गाची वही चोरून वाचते वाटतं. वहीत अजून फक्त तारीख आहे.

१४ मार्च
टेबलावर मालकांची चिठ्ठी. 'मास्तरांचा चष्मा आज संध्याकाळी घरी पोचला तर बरं होईल.' मास्तर म्हणजे निवृत्त संगीतशिक्षक, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. 'तर बरं होईल.' अर्थवाद. सहाला घरी.

१५ मार्च, दुपारी
मास्तरांच्या नातीचं लग्न आज सकाळी होतं. हे चिठ्ठीत नव्हतं.
मालकांचा फोन आला. फोन ठेवेपर्यंत ही चपला घालून दारात उभी. आधी दुकानातून चष्मा घेतला. टॅक्सीत मी तिला चिठ्ठीचा शास्त्रशुद्ध अर्थ लावून दाखवला. ती खिडकीबाहेर बघत होती.
पोचलो तेव्हा मास्तर सगळ्यांसमोर उभे. नातीसाठी लिहिलेले चार शब्द हातात, कागद उलटा. दोन ओळी आठवून म्हणाले, मग अडकले. शेवटी नातीने कागद घेतला आणि स्वतःचं कौतुक स्वतःच मोठ्याने वाचलं. मध्ये दोनदा तिला थांबावं लागलं.
मी चष्मा पुढे केला. मास्तर म्हणाले, "आलात, बरं झालं. जेवून जा."
जेवण गेलं नाही. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच.

१८ मार्च
शाखा मॅडमना मिळाली. मालक म्हणाले, तुम्हीच नको म्हणालात. निष्काम कर्माला इतकं तंतोतंत फळ येतं, याची कल्पना नव्हती.

२० मार्च
वर्गात प्रायश्चित्त. आधी स्वतःच्या तोंडाने चूक सांगायची, मग भरपाई. हे मला जमण्यासारखं आहे. लगेच भाषण लिहिलं. आठ मिनिटं, सात मुद्दे. हिला वाचून दाखवलं. यात चूक कुठे आहे, तिने विचारलं. सातव्या मुद्द्यात, म्हणालो.

२१ मार्च, संध्याकाळी
मास्तरांकडे गेलो. खिशातून भाषण काढलं. ते नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. पहिला मुद्दा तोंडातून फुटेना. दुसराही नाही.
एवढंच म्हणालो, "चूक माझी होती. मी कंटाळा केला."
"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "डावी काडी कानाला टोचतेय, तेवढी बघा."
काडी जरा गरम करून वाकवली. दोन मिनिटं लागली.