माहेरपणाला गेलेला घोडा

हेब्बाळ, बंगलोर
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, १९९५

तीर्थस्वरूप वन्संना कस्तुरीचा पायांवर डोकं ठेवून (दुखरा गुडघा सांभाळून) नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल लावता का, की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघता? इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांचं ब्लडप्रेशर मधे चढलं होतं, ते उतरलं. कसं चढलं आणि कसं उतरलं, ते पुढे येईलच.

पत्रास कारण, तुमच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची जागा. ह्यांनी एसटीडी बूथवरून तुम्हांला शब्द दिला आणि घरी येऊन मला म्हणाले, ताईला सविस्तर लिही, दसऱ्याला सामानासकट येतो म्हणावं. तर वन्सं, लिहिते, दसऱ्याला येतो. आता सविस्तर. (हा शब्द ह्यांचा आहे. कंटाळा आला तर ह्यांना बोला.)

वीस-बावीस वर्षं एका गावात काढलेला माणूस एका संध्याकाळीत बिऱ्हाड हलवायला निघतो, त्याला तसंच काही कारण लागतं. फोनवर ह्यांनी तुम्हांला ‘आता आपल्या माणसांत यावंसं वाटतं’ असं काहीतरी सांगितलं असणार. तुमचे डोळेही भरून आले असतील. पुसा. खरं कारण एक लाकडी घोडा आहे.

कारखान्यानं ह्यांना तरुणपणी जपानला धाडलं होतं, आठवतं ना? तुमच्यासाठी पंखा आणला होता, जो एकदा उघडला तो पुन्हा मिटला नाही. तिथं ज्या मशीनचं शिक्षण घेतलं ती मशीन कारखान्यानं केव्हाच भंगारात काढली, पण तिथला एक खेळ ह्यांच्या डोक्यात घर करून राहिला. त्याला शोगी म्हणतात. जपानी बुद्धिबळच, पण सोंगट्या सगळ्या एकाच रंगाच्या, चपट्या आणि पुढे टोक असलेल्या. टोक ज्याच्याकडे रोखलेलं तो शत्रू. आणि मुख्य गंमत म्हणजे मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याची होते. तो तिचं टोक फिरवतो आणि त्याला वाटेल तेव्हा आपल्या बाजूनं पटावर उतरवतो. आपल्याकडे मेलेले हत्तीघोडे डबीत जाऊन पडतात, ते मला लहानपणापासून आवडत नाही, त्यामुळे हा खेळ ऐकूनच मला बरा वाटला. (ह्यांना सांगितलं नाही. एका गोष्टीत बरं म्हटलं की स्वारी दहा गोष्टी घेऊन येते.)

गेल्या वर्षी हे रिटायर झाले. सुरुवातीचे दिवस माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावण्यात गेले. त्यात हरवलेला हिंग अजून सापडायचा आहे. मग एक दिवस शोगी आठवली. बंगलोरात पट कुठे मिळेना, तेव्हा घरीच करायचं ठरलं. आणि घरीच करायचं तर जसंच्या तसं कशाला, जपान्यांच्या कामात सुधारणेला थोडा वाव आहे, असं ह्यांचं मत पडलं. तुमचे बंधू आहेत, मी काय सांगू.

पहिली आवृत्ती लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची. सोनेरी गणपतीच्या बाजूला ‘सरदार’, ‘भालदार’, ‘हत्ती’ अशी सुवाच्य नावं लिहिली आणि खेळायला खालच्या मजल्यावरून आमचे घरमालक खंडोजीराव आले. उकडत होतं म्हणून मी पंखा लावला. दोन्ही सैन्यं एकदमच दिवाणाखाली गेली. ती गोळा करून पुन्हा मांडल्यावर कळलं की खंडोजीरावांना नावंच वाचता येत नाहीत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलं, घरात आजही मराठी बोलतात, पण शाळा सगळी कानडीत, त्यामुळे वाचायचं ते कानडी. इतकी वर्षं त्यांच्या माडीवर राहून आम्हांला हे ठाऊक नव्हतं. (आमच्या दारावरची मराठी पाटी ते रोज अदबीनं बघायचे, मला वाटायचं वाचतात.) म्हणून दुसऱ्या आवृत्तीत नावांच्या जागी चित्रं आली. ह्यांनी काढलेला घोडा बघून खंडोजीरावांच्या मालनबाईंनी विचारलं की फौजेत बकरी कशाला, दुधासाठी का? त्या रात्री हे जेवण सोडून घोड्याला आयाळ काढत बसले.

तिसरी आवृत्ती लाकडाची. शिवाजीनगरला बसस्टँडमागे कल्लाप्पा म्हणून एक कॅरम बोर्ड करणारे आहेत. ह्यांनी त्यांना नकाशा काढून दिला, मापं दिली, टोक कसं हवं ते दिलं. एक सांगायचं राहिलं. कल्लाप्पांनी काम सुंदर केलं आणि वर आपल्या मनानं, प्रेमानं, निम्म्या सोंगट्या लाल आणि निम्म्या हिरव्या रंगवून दिल्या. दोन्हीकडे एकच रंग असला तर लोक भांडतील, असं त्यांचं म्हणणं. आता लाल घोडा हिरव्याच्या बाजूनं लढणार कसा? दुसरा कुणी सगळ्या सोंगट्यांना एक रंग फासून मोकळा झाला असता. आमच्या इंजिनियरांनी रंगासाठी नियम काढला. मारलेली सोंगटी नव्या धन्याची चाकरी करील, वाटेल त्याला मारील, पण ज्या राजाचं मीठ खाल्लं त्याला शह देणार नाही. हा नियम सुचला त्या दिवशी स्वारी इतकी खूश होती की स्वतः जाऊन मला मोगऱ्याचा गजरा घेऊन आली. खंडोजीरावही म्हणाले, सरी, झकास आहे. मीठ म्हटल्यावर मराठा गडी नाही कसा म्हणेल!

त्यानंतरचे महिने फार सुखाचे गेले, वन्सं. संध्याकाळी पाच वाजले की खंडोजीरावांच्या व्हरांड्यात पट मांडायचा. फाटकावर देवनहळ्ळीच्या त्यांच्या मळ्यातून पपनसं यायची (इकडे चक्कोता म्हणतात), ती सोलत आम्ही दोघी बाजूला बसायचो. खेळ संपायचा मात्र नाही. कुणी मरतच नाही म्हटल्यावर संपणार कसा? पट तसाच उचलून कपाटावर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू. मी एकदा तो पुसून सोंगट्या दिसायला बऱ्या दिसतील अशा मांडून ठेवल्या. दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. उलट खंडोजीराव त्या दिवशी म्हणाले, तुमची मांडणी आज भारी पडली ओ साहेब.

मग तो घोडा आला. मूळचा ह्यांचा, लाल. खंडोजीरावांनी तो धरून बरेच दिवस आपल्याकडून खेळवला होता, आणि एका संध्याकाळी त्याच घोड्यानं ह्यांच्या लाल राजाला शह दिला. राजाला हलायला जागा नव्हती. हे म्हणाले, चालणार नाही, हा माझा घोडा, माझं मीठ खाल्लंय त्यानं. खंडोजीराव म्हणाले, “स्वल्प विचार करा ओ साहेब. किती दिवस माझे हरभरे खातोय तो. आमी इथं साडेतीनशे वर्षं हाय, आमी कुणाचं मीठ जपायचं? जो चारतो त्याचा घोडा.” ह्यांनी नियम दाखवला. त्यांनी नियम बदला म्हणून सांगितलं. शब्दाला शब्द वाढत गेला आणि खंडोजीराव बोलून गेले की तुम्ही इतकी वर्षं इथं राहून अजून ‘आमच्या पुण्यात’च म्हणता, म्हणून तुमचा घोडाही तसलाच. हे उठले, वर आले आणि अंधार पडेपर्यंत गच्चीवरून तळ्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीडी बूथ.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. खालचा पेपर वर येईना, वरचा रेडिओ खाली ऐकू जाऊ नये म्हणून हे बातम्या कानाला लावून ऐकू लागले. पपनसं बंद. ब्लडप्रेशर चढलं ते तेव्हा. सामान भरायला खोकीसुद्धा येऊन पडली. मला कुणी काही विचारलं नाही, आणि तुमच्यापाशी लपवायचं कशाला, मी भांडी घासता घासता रडले. पुणं परकं नाही हो, तुम्ही आहात. पण मला सकाळी मालनबाईंची हाक ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

शेवटी आम्ही दोघींनी दुपारचा पट मांडला. भांडण घोड्याचं आहे तर घोडा नेमका काय म्हणतो ते बघू, इतकाच विचार. दोन डाव खेळल्यावर मालनबाई म्हणाल्या, “कस्तुरीअक्का, हे काय युद्ध नाय, हे लगीन हाय. आपण नाय का आलो असंच टोक फिरवून?” मी म्हटलं, खरंच की. माझं तर नावही बदललं. तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं ‘कस्तुरी’ लिहिलं तेव्हा ताट तुम्हीच धरलं होतंत, वन्सं, त्याआधी मी अंजली होते. म्हणून काय मी माहेरावर चाल करून जाईन? आणि सासरची झाले नाही, असं कुणाची म्हणायची टाप आहे का? मग दोघींनी मिळून नियम केला. धरून आणलेल्या सोंगटीला डावात एकदा माहेरपण. आपल्या जुन्या राजाशेजारी जाऊन एक चाल बसायचं, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही आणि त्या जुन्या राजालाही नाही. मग परत यायचं. परत आली की ती पुरती नव्या घरची, मग शह देवो की काही करो.

हा नियम आम्ही खेळून बघत होतो तर हे जिन्यात येऊन उभे, आणि आतल्या दारात खंडोजीराव. मग मालनबाईंनी आपला हत्ती फुकट घालवला आणि खंडोजीरावांना राहवलं नाही. ते ओरडले. हे म्हणाले, ‘तेच मी म्हणत होतो.’ ते म्हणाले, ‘ह्या बायकांना उंट तिरका जातो हेसुद्धा कळत नाही.’ हे म्हणाले, ‘अहो, हिनं तर घोडा मागे नेला.’ आम्हांला उठवून दोघं बसले. संध्याकाळी पाच वाजता उंबऱ्यात पपनसाची टोपली होती. माहेरपणाचा नियम पसंत पडला आहे, फक्त तो आपल्यालाच आधी सुचला होता असं दोघांचंही म्हणणं आहे. आता माहेरी गेलेल्या घोड्याला येताना बरोबर एक प्यादं आणता यावं का, यावर चर्चा चालू आहे. (मालनबाई म्हणतात, यावं. रिकाम्या हातानं कोण पाठवतं?)

तर असं सगळं. दसऱ्याला येतो, हे वर लिहिलंच आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमची,
कस्तुरी

ता. क. कुणी येणारं असलं तर त्याच्याबरोबर थोडा हिंग पाठवा. इथला मिळतो, पण माझा अजून सापडलेला नाही.

ता. क. दुसरा. वन्सं, आता खरं लिहिते. ह्यांचं मन आता इथून निघत नाही. कालच खोकी परत दिली. पण बहिणीला दिलेला शब्द मोडायचा म्हटलं की चेहरा पडतो, आणि मला विचारतील म्हणावं तर तेही नाही. तुम्ही थोरल्या आहात, तुमचं ऐकतील. ती जागा मालकाच्या जावयानं अचानक घेतली, असं तुम्ही कळवाल का? खोटं आहे, मला माहीत आहे, पाप माझ्या माथी. दिवाळीत आम्ही महिनाभर येऊन राहू, तुमचे डबे लावायला हे असतीलच. उत्तर आधी ह्यांच्या हाती पडू देऊ नका, माझ्या नावानं पाठवा, मीच ह्यांना वाचून दाखवीन.

ता. क. (हे अक्षर माझं, सुधींद्रचं.) ताई, सा. न. पाकीट चिकटवायला हिनं माझ्याकडे दिलं. आत काय आहे ते मी वाचलेलं नाही. फक्त एवढंच, की जागा समजा कुणी जावयानं वगैरे घेतलीच, तर ते पत्र हिच्या नावानं नको, माझ्या नावानं पाठव. मला ते हिला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे, आणि वाचताना जरा वाईट वाटलेलं दिसायचं आहे.