चार चिठ्ठ्या

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
लॅबला केमिकल पुरवणाऱ्या कंपनीनं ही डायरी दिली. कव्हर झकास आहे, तेव्हा यंदा लिहायचीच. संकल्प तीनच. पेपर ३१ मार्चच्या आत पाठवणे. रोज हिंडलग्याच्या गणपतीपर्यंत चालणे. आईला निपाणीहून कायमचं बेळगावला आणणे. कायमचं हा शब्द मुद्दाम लिहिलाय. नागेंद्र लई शिकला पण आईला विसरला, असं गल्लीत बोलतात म्हणे. बघाच म्हणावं आता.
चालणं उद्यापासून. आज थंडी फार आहे.

१० जानेवारी, शुक्रवार
आईला आणलं. शेजारची बाळाबाई गाडीला धरून रडत होती. म्हणाली, मालुबाई दोनदा बाजारातनं घरची वाट चुकली, एकदा गॅस तसाच सोडून झोपली. मला कुणी कळवलं नाही. तीनदा फोन केलता म्हणे. रेंज नसेल.
आईनं सत्तेचाळीस वर्षं विड्या वळल्या. नुसती बसली तरी बोटं वळतच असतात. चालणं झालं नाही.

१२ जानेवारी, रविवार
आज आईनं विचारलं, तू करतोस तरी काय रं तिथं? पहिल्यांदाच विचारलं. सोपं करून सांगितलं. आपल्या शरीरातल्या पेशीत प्रोटीनं असतात. एखादं बिघडलं, की पेशी त्याला युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठीवर चिठ्ठी, अशा चार झाल्या, की एक मशीन त्याचे तुकडे करून टाकतं.
म्हणाली, म्हंजे छाट म्हण की. कारखान्यात चेकर विड्यांच्या खराब कट्ट्यावर खडूनं खूण करायचा, मग बाजूला टाकून चुरडायचा, तसंच. मग विचारलं, किती चिठ्ठ्या म्हणालास? चार, म्हटलं. बोटांवर मोजून बघितलं.
बिचारीला काय कळणार! पण ऐकून घेतलं, बरं वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. डॉक्टर म्हणाले, स्मरण हळूहळू जाणार. मला मात्र तिळगूळ खाताना उपाय सुचला. घरातल्या प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी! चिठ्ठ्यांवर माझ्याइतका विचार केलेला माणूस बेळगावात दुसरा नसेल. चाळीस छापल्या, फेव्हिकॉलनं चिकटवल्या. मिक्सर, घड्याळ, खुर्ची, वाकळ, डबे, सगळं.
रूपाली म्हणाली, अहो, आईंना वाचता कुठं येतं? हसूच आलं. दहावीच्या सुट्टीत मी स्वतः शिकवलंय. सही करते की! रूपालीचं म्हणणं, ती सही म्हणजे चित्र काढतात त्या. बायकोशी वाद घालत नाही मी.

२१ जानेवारी, मंगळवार
प्रयोग यशस्वी. आई एकेका चिठ्ठीवरनं बोट फिरवते. मन लावून वाचते.
दुपारी एकटीच बाहेर पडली. दोन तासांनी सापडली. लगेच पदराला नाव-पत्त्याचं कार्ड पिनेनं लावलं, एक तिच्या चंचीत घातलं. तिनं विचारलं, मला बी? तुझ्याच भल्यासाठी, म्हटलं. जेवली नाही. दमली असेल.

२९ जानेवारी, बुधवार
कहर. कॉलेजातनं आलो तर मिक्सर, घड्याळ, खुर्ची, वाकळ, सगळं फाटकाबाहेर ओळीनं मांडलेलं. मिक्सर भंगारवाला घेऊन गेला होता. आई कमरेवर हात ठेवून उभी, काम संपवल्यासारखी. हे काय केलंस म्हणून ओरडलो. तर म्हणाली, चिठ्ठ्या तूच लावल्यास न्हवं?
आता ह्याला काय म्हणायचं? डोकं पार गेलंय. रूपालीनं वाकळ झटकून आत नेली.

१ फेब्रुवारी, शनिवार
तपासण्यांसाठी आईला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आज घरी आणलं. मनगटावरचा नावाचा पट्टा तिनं काढू दिला नाही. ऱ्हाऊदे म्हणाली, लागलाय तर लागलाय.
चालणं पुढच्या महिन्यापासून. बूट बघून ठेवलेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
माझी पीएचडीची विद्यार्थिनी श्रिया आज भलतंच घेऊन आली. सर, म्हणे, आपलं प्रोटीन बिघडलेलं नाहीच. आपण चिठ्ठ्या लावणारं एन्झाइम बाहेरून भरमसाट घातलं, म्हणून त्याला चिठ्ठ्या लागल्या. अकरा वर्षांचं माझं काम, आणि ही पोर मला सांगते! चिठ्ठ्या दाखवणारी ॲन्टिबॉडी जुनी आहे, दुसरं काही नाही. नवीन मागवतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
निर्णय घेतला. कंग्राळीच्या पुढं एक केअर सेंटर आहे. वृद्धाश्रम नव्हे. बाग आहे, नर्स आहे. फक्त मार्चपर्यंत, पेपर जाईतो. रूपाली म्हणाली, मी शाळेतनं रजा काढते, आईंना नका पाठवू. मी म्हटलं, तू उगीच भावनेच्या भरात बोलतेस.
तिथं प्रत्येक कपड्यावर नाव शिवून द्यावं लागतं. रूपालीनं साफ नकार दिला. मग मीच बसलो, सहा लुगड्यांना पट्ट्या शिवल्या. तीनदा सुई टोचली. कोण मुलगा करतो एवढं?
आई समोर बसून बघत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार
सोडून आलो.
सांगायच्या आधीच पिशवी भरून व्हरांड्यात बसली होती. कुठं जायचं, विचारलं नाही. सेंटरच्या दारात उतरल्यावर बोटं मोजायला लागली. पदराला एक. चंचीत एक. मनगटाला एक. लुगड्याला एक. चार झाल्या की रं, म्हणाली.
मी समजावलं. आई, ते पेशीतलं वेगळं, ह्या नुसत्या ओळखीच्या चिठ्ठ्या. व्हय व्हय, म्हणाली. मग विचारलं, त्या तुझ्या पेशीत लागलेली चिठ्ठी काढणारं कोण नसतंय व्हय?
असतं, म्हटलं. तसली एन्झाइमं असतात. पण तो माझा विषय नव्हे.
तिनं मान हलवली. माझ्या गालावरनं हात फिरवला. म्हणाली, जा, उशीर हुईल तुला. खरंच झाला होता.
दर रविवारी जाणार. लिहून ठेवतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
ॲन्टिबॉडी आली. लॅब सोडता आली नाही.

२ मार्च, रविवार
सर्दी. वयस्क माणसांत जाणं बरं नव्हे.

९ मार्च, रविवार
रूपाली जाऊन आली. आली ती पाणी पिऊन आत गेली. मी विचारलं नाही. सांगायचं असतं तर सांगितलं असतं.
चहा करायला गेलो. साखरेची चिठ्ठी पिठाच्या डब्यावर लावली होती मी. आईनं इथं पाच आठवडे भाकऱ्या केल्या, चहा केला. एकदाही चुकली नाही. एकदाही काही बोलली नाही.
तिला वाचता येत नाही.

२० मार्च, गुरुवार
श्रियाचंच खरं निघालं. नवीन ॲन्टिबॉडी, तेच उत्तर. प्रोटीन चांगलं होतं. पेपर नाही. तिला म्हटलं, बरं केलंस बाई. आणि केबिनचं दार लावून बराच वेळ रडलो. तिला वाटलं असेल, पेपरसाठी.

३० मार्च, रविवार. दुपारी
गेलो.
आई बागेत पायरीवर होती. समोर वाळक्या पानांचा ढीग, आणि बोटं चालू. मला बघून घाईघाईनं उठली, पदर सारखा केला, वळलेल्या पानांचा कट्टा दोन्ही हातांनी पुढं धरला. म्हणाली, बघून घ्या चेकरसाहेब, ह्यात एक बी छाट न्हाय. सकाळधरनं बसलीया.
कट्ट्याला सूत बांधलं होतं. सूत कुठलं म्हणून विचारलं, तर नर्स म्हणाली, लुगड्यावरच्या नावाच्या पट्ट्या उसवल्या सगळ्या, ऐकतच नाहीत. माझंच सूत. मीच शिवलेलं.
मी खाली बसलो. एकेक करून मोजल्या. पंचवीस. आई माझ्या बोटांकडं बघत होती. छाट किती धरली, विचारलं. एक पण नाही, म्हटलं. एवढी हसली, की मला बघवेना. मग म्हणाली, उद्या बी काम हाय न्हवं?
हाय, म्हटलं.
घरी आल्यावर रूपालीनं विचारलं, ओळखलं का आईंनी?
व्हय, म्हटलं.